पवित्र शनिवारची घंटा

ग्रेसी ईस्टरला तळायच्या फुग्यांचं पीठ फडक्याने झाकत होती, तेव्हा नातीने, फेलिशियाने, विचारलं, "आजी, आज चर्चची संध्याकाळची घंटा कशी नाही वाजली? सात तर होऊन गेले."

"आज पवित्र शनिवार ना, ईस्टरच्या आदला. गुरुवारच्या मिस्सेनंतर घंटा मुकी असते. आता रात्रीच्या मिस्सेलाच वाजायची," ग्रेसी म्हणाली, आणि तिचा हात फडक्यावरच थांबला.

आठ वर्षांत तिने ईस्टरचे फुगे केले नव्हते. नवरा, थॉमस, गेला तो अशाच पवित्र शनिवारी, फुग्यांचं पीठ भिजवायच्याच दिवशी. पण त्याच्या आत्म्यासाठी ती चर्चमध्ये प्रार्थनेची मिस्सा द्यायची दरवर्षी एकतीस मार्चला, आणि ईस्टर काही तारखेला बांधलेला सण नव्हे. म्हणून त्या दिवशी घंटा मुकी होती हे लक्षात आलं नाही, असं म्हणायचं. खरं तर गिरीजसारख्या ख्रिस्ती गावात जन्म काढलेल्या बाईच्या हे लक्षात यायला हवं होतं.

थॉमसच्या वाडीतल्या जुन्या घरात सुधाकर आणि सुमेधा बावीस वर्षं भाड्याने राहत होते. थॉमसला ते पाडून मुलासाठी नवं बांधायचं होतं आणि सुधाकर हटायला तयार नव्हता. दावे झाले, शिवीगाळ झाली. त्या शनिवारी संध्याकाळी सुधाकर वाडीत येऊन भांडून गेला, आणि अंधार पडल्यावर थॉमस केळीत डोकं फुटून पडलेला सापडला. शेजारच्या सेबॅस्टियनने साडेसहाला त्याला झाडांना पाणी देताना पाहिलं होतं. सुधाकर घसा कोरडा होईस्तोवर सांगत राहिला, मी सहालाच निघालो. त्याला जाताना पाहिलं होतं एकट्या ग्रेसीने.

किती वाजले होते, हवालदाराने विचारलं. समोर नवऱ्याचं प्रेत. ग्रेसीच्या हातात कधी घड्याळ नव्हतं, तिचा सगळा दिवस घंटेवर चालायचा. ती म्हणाली, "संध्याकाळची घंटा होत होती." हवालदाराने सात लिहिले. कोर्टात तिने तेच शपथेवर सांगितलं, आणि सांगता सांगता तिला ती घंटा खरीच ऐकू यायला लागली. तिथले वकील आणि न्यायाधीश बाहेरचे, त्यांना कुठून कळणार? आणि गावात कोणी विचारलंच नाही. सुधाकरला जन्मठेप झाली.

आता तिला आठवलं. फाटकातून सुधाकर तरातरा गेला, तेव्हा माडांच्या शेंड्यांवर ऊन होतं. सातला कुठलं ऊन!

"मम्मी, जूनमध्ये सुधाकरचं अपील लागतंय," तिने सांगितलं तेव्हा तिचा मुलगा जेन्सन म्हणाला. "तू आता तोंड उघडलंस, तर डॅडींना मारणारा सुटेल."

"मारणारा कोण, तेच मला ठाऊक नाही रे. आणि मी मात्र एकाला आत घालून बसलेय."

जेन्सन जेवला नाही. ग्रेसीही नाही.

ईस्टरची सकाळची मिस्सा आटोपून ती तडक आचोळ्याला गेली. सुमेधा तिथे एका खोलीत राहत होती. तिने दार उघडलं, आत घेतलं, पाणीही दिलं. ग्रेसी बोलायच्या आत सुमेधाच म्हणाली, "कळलं वाटतं तुम्हाला? हे गेले. आज पंचविसावा दिवस. तुरुंगातच, छातीत कळ आली म्हणे."

ग्रेसीला ते कुठून कळणार? मग तिने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"म्हणजे घंटा वाजलीच नव्हती?"

"त्या दिवशी ती वाजतच नाही."

सुमेधा रडली नाही. रडली असती तर ग्रेसीला सोसलं असतं. "दर भेटीत हे सांगायचे, मी सहाला निघालो. पहिली दोन वर्षं मी हो हो केलं. मग मीच म्हणायला लागले, ग्रेसीबाई कशाला खोटं बोलतील? माझ्या बाळंतपणात रात्र रात्र उशाशी बसलेली बाई. शेवटच्या भेटीला तर म्हटलं, पुरे करा आता, देवापाशी तरी कबूल व्हा. त्यानंतर ते बोललेच नाहीत. जाळीपलीकडून नुसते बघत राहिले."

"तुझ्या मनात मी घातलं ते," ग्रेसी म्हणाली. तिला सुमेधाचे पाय धरावेसे वाटत होते आणि तेवढंही धाडस होत नव्हतं.

सुमेधाने उठून कपाटातून एक कागद काढला. माणूस मेला तरी तीस दिवसांत बायकोला अपील पुढे चालवता येतं, असं सांगून वकिलाने तो दिला होता. तिने त्याला हातही लावला नव्हता. कशाला लावायचा, असंच तिला वाटलं होतं.

"पाच दिवस आहेत," ग्रेसी म्हणाली. "मी येते. जज्जासमोर सांगते, मी खोटी."

सुमेधा लिहायला बसली. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. खाली छापलं होतं, मयताशी नाते. तिथे तिचं पेन अडलं. तिने दोनदा टेकवलं, दोनदा उचललं, आणि कागद ग्रेसीपुढे सरकवला.

"तुम्ही लिहा. मला नाही लिहवत."

ग्रेसीने पेन घेतलं आणि लिहिलं, पत्नी.