दोऱ्याचं पेन

गुणवंतने उजव्या कानाची पाळी ओढली, पडद्याच्या माथ्यावरचं नाव वाचलं आणि मग एंटर दाबलं. मागच्या खुर्चीतल्या चंद्रप्रभाने वहीत लिहिलं, ‘११.०५. पुन्हा कान.’

नोएडातल्या त्या अकराव्या मजल्यावर ती सहा आठवडे अशी बसून होती; आणखी दोन उरले होते. केंद्र सरकारच्या नोकरीतून लवकर निवृत्त होऊन तिने चौपन्नाव्या वर्षी पीएच.डी. धरली होती. विषय, प्रोग्रामर प्रत्यक्षात काम कसं करतात. विचारलं की ते पुस्तकातलं सांगतात, म्हणून नुसतं बघायचं. मार्गदर्शक श्यामकांत सरांनी बजावलं होतं, निरीक्षकाने भिंत व्हावं. एकदा जरी ढवळाढवळ झाली, तर अख्खी वही रद्दीत. भिंत होणं तिला जड गेलं नाही. बावीस वर्षं ऑफिसात तिने तेच केलं होतं. तिथली एक सवयही सोबत आली होती: पेन दोऱ्याने वहीला बांधलेलं.

दुपारी धुकं पुन्हा काचेला टेकलं. खालचे सेक्टर एकेक करून पुसले गेले. मेट्रो आवाज न करता धुक्यातून निघाली आणि धुक्यातच शिरली. हीटरच्या घरघरीत सगळा मजला कुठेतरी वाहत चालल्यासारखा वाटत होता. काही जण तर पोचलेही होते, हनुवटी छातीला टेकवून.

गुणवंतसमोर पडद्यावर दोन काळ्या खिडक्या होत्या, जुळ्या बहिणींसारख्या. एकीत पेन्शनरांची खरी यादी, दुसरीत सरावाची नक्कल. दर गुरुवारी तो नक्कल पुसून नव्याने भरायचा; आज गुरुवारच होता. खऱ्या यादीत चंद्रप्रभाचंही नाव होतं. हितसंबंधांच्या रकान्यात तिने ते पहिल्याच दिवशी नोंदवलं होतं. मागच्या महिन्यातल्या चुकीवरून साहेबांनी गुणवंतला शेवटची ताकीद दिली होती. तेव्हापासून त्याची झोप उडाली होती, आणि ती नेमकी दुपारी परत यायची.

त्याने पुसायची आज्ञा टाइप केली. एंटरवर बोट ठेवून तो धुक्याकडे बघत राहिला. हात कानाकडे गेला नाही.

चंद्रप्रभाने त्या काळ्या खिडकीच्या माथ्यावरचं नाव वाचलं. ती खरी यादी होती. मग तिने मांडीवरची वही पाहिली. दोनशे अकरा पानं भरली होती.

पेन फरशीवर पडलं.

गुणवंत दचकून वळला.

“क्या हुआ, काकू?”

ती भिंतीसारखी बसून राहिली. तो पुन्हा पडद्याकडे वळला आणि त्याचा हात आपोआप कानाकडे गेला. नजर माथ्यावरच्या नावावर थांबली. मग त्याने टाइप केलेलं एकेक अक्षर मागून पुसत नेलं, झोपलेल्या माणसाच्या अंगावरून पाय काढून घ्यावा तसं.

‘२.४०. निरीक्षकाचं पेन पडलं,’ तिने लिहिलं.

सहानंतर भिंतीला बोलायची परवानगी होती. गुणवंत बॅग खांद्याला लावून तिच्या खुर्चीपाशी रेंगाळला.

“काकू, तुमचं पेन तर बांधलेलं असतं ना?”

“असतं.”

“मग सर विचारतील, यार.”

“विचारतील.”

त्याने वही मागितली. तिने दिली. त्याने एकही पान उघडलं नाही, नुसता लोंबणारा दोरा बोटात धरला.

“अजून दोन गुरुवार आहेत,” तो म्हणाला, आणि त्याने पेनला दोरा पुन्हा बांधून दिला. गाठ मात्र सैल ठेवली.