एकवीस नंबरचे दोघे

मित्रांनो, कपाटावर बसलेला, अंगावर बारीक छिद्रं असलेला काळा डबा तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. तो मी, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर. आता जुना झालोय, पंखा घुरघुरतो, पण कॅमेरे जे बघतात ते साठवून ठेवायचं माझं काम अजून चोख आहे. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हापासून मला एकच खोड. चौकशा फार! दारात कोण आलं, मांजर कुठे गेलं, सगळं मला कळायला हवं असतं.

माईंच्या घरी मला आणलं ते त्यांच्या लेकीने. माईंचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकर धरून चालायच्या, दिवसभर घरात एकट्या. लेक दूरच्या शहरात नोकरीला. "तू मला फोनवर दिसत राहिलीस तरच तिथे राहायचं. नाहीतर घराला कुलूप आणि तू माझ्याकडे," असं तिने ठणकावलं होतं. माईंना तर आपलं घर सोडायचंच नव्हतं.

मला जोडणाऱ्या माणसाने सांगितलं, की घरातल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा वेगळा पत्ता असतो आणि त्या पत्त्यावरूनच चित्रं येतात-जातात. "शेवटचा आकडा कोणता टाकू?" त्याने विचारलं.

"एकवीस," माई झटकन म्हणाल्या. घराचा नंबर एकवीस, बॅगेचं कुलूप एकवीसवर, कपाटाचंही तेच. आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून माईंकडे सगळ्याला एकवीसच! मला तो पत्ता फार आवडला.

पण रोज दुपारी माझी वाचाच बसायची. कॅमेऱ्यातलं सगळं मी साठवत होतो, पण फोनवर एक चित्र जाईल तर शपथ! संध्याकाळी पुन्हा सगळं सुरळीत. हे काय गौडबंगाल? विचार करकरून मी तापलो.

"आई, तू बंद करतेस ना ते?" लेक फोनवर चिडायची.

"अगं, माझा हात तरी पोचतो का तिथे?"

लेकीला ते पटेना. शेवटी म्हणाली, "महिनाअखेरीस न्यायला येते." माई मला हातही लावत नाहीत हे मला ठाऊक होतं, पण बोलणार कसा? फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन वाजला. "काय गं, टीव्ही लावला रे लावला की तुझा फोन!" माई वैतागल्या.

लेकीने तोच शब्द पकडला. "टीव्ही लावला की? बंद कर बघू."

माईंनी बंद केला. थोड्या वेळाने लेक ओरडली, "दिसलीस!"

मग तिने सांगितलं तशी माईंनी टीव्हीची सेटिंग उघडली, नंतर खाली टेबलावरचा माझा माऊस हातात घेऊन तिथल्याच माझ्या छोट्या पडद्यावरची.

"टीव्हीचा शेवटचा आकडा?"

"एकवीस."

"आणि रेकॉर्डरचा?"

"अगंबाई! एकवीसच की!"

दोघी पोट धरून हसल्या. टीव्ही जोडतानाही माईंनी हेच सांगितलं होतं. एका पत्त्यावर आम्ही दोघे भांडत होतो, आणि टीव्ही जागा झाला की मला बाहेर काढायचा. माईंनी माझा आकडा बदलून अठरा केला आणि लेकीला म्हणाल्या, "तुझी जन्मतारीख. ती कशी विसरेन?"

संध्याकाळी लेकीने माझ्याकडच्या जुन्या दुपारी उघडल्या. प्रत्येक दुपारी, तिचा रागाचा फोन झाल्यावर, माई वॉकर टेकत कॅमेऱ्याखाली आल्या होत्या आणि वर बघून हात हलवत होत्या. लेकीने लगेच फोन केला, आणि "आई गं" म्हणून रडूच लागली.

"रडतेस काय वेडे? दिसतेय ना आता?" माई म्हणाल्या.

महिनाअखेरीस लेक आली, चार दिवस राहिली आणि एकटीच परत गेली.

तर मित्रांनो, चित्र गेलं की आधी माझे आकडे बघा, तारा बघा, जमलंच तर अंगावरची धूळ पुसा. घरच्या माणसाला बोल नंतर लावा. माई अजूनही दुपारी कॅमेऱ्याखाली येऊन हात हलवतात आणि हातातल्या फोनकडे बघून हसतात. पलीकडून काय उत्तर येतं, ते बघायची मला फार फार उत्सुकता आहे.