पाहुणे आले

शाळा सुरू व्हायला तीन आठवडे होते. शाळेच्या बाईंनी पालकांना बोलावून एक कागद वाचून दाखवला. मुलाला डबा उघडता यावा, स्वतःची चप्पल ओळखता यावी, असं बरंच काही. शेवटी त्यांनी चष्मा काढला. "आणि शू लागली की परक्या माणसाला कळेल असं सांगता यावं. लाडाचे शब्द घरीच ठेवा."

पालकांत बसलेल्या एका आईने मान खाली घातली, कारण तिच्या घरी शूला पाहुणे म्हणत.

हे खूळ सासूबाईंचं. पुढच्या खोलीत त्यांचं शिवणाचं दुकान होतं. एकदा चांगल्या घरच्या बायका मापं द्यायला उभ्या असताना नात येऊन "शू" म्हणून किंचाळली आणि सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून घुंडीने (नाक कापडी बटणासारखं गोल म्हणून पोरीला घुंडी म्हणत) "पाहुणे आले" म्हणायचं आणि आजीने "चला, पोचवून येऊ" म्हणायचं. गिऱ्हाइकं कौतुकाने हसत. सुनेच्या मात्र ते डोक्यात जाई. तसाही दोघींमध्ये विस्तव जात नव्हता.

"आई, हे आता बंद करा," काजं करता करता ती म्हणाली. "शाळेत बाई म्हणतील, येऊ देत पाहुणे, तू बस."

"मग बाईंना सांगून ठेव."

"तीस मुलं आहेत त्यांच्याकडे. तीस घरांची बोली शिकत बसायची त्यांनी?"

"माझ्या दुकानात तो शब्द चालणार नाही. तुझ्या माहेरी चालत असेल."

माहेर निघालं, म्हणजे बोलणं संपलं. सुनेने सुई टाचण्यांच्या उशीत खुपसली आणि दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू केली. मागच्या खोलीत घुंडी "पाहुणे" म्हणाली की ही डोळे वटारून "काय?" विचारी, आणि "शू" ऐकल्याशिवाय जागची हलत नसे. पुढच्या खोलीत "शू" ऐकू आलं की सासूबाई टेबलावर फूटपट्टी आपटत. नवरा दोन्ही डगरींवर हात ठेवून होता. म्हणाला, दोन्ही शब्द येऊ देत, पोर हुशार होईल.

तिसऱ्या आठवड्यात घुंडी काहीच बोलेनाशी झाली. लागली की गुपचूप पळायची मोरीकडे. आईला वाटलं आपण जिंकलो. आजीलाही तेच वाटलं.

शाळेच्या पहिल्या दिवशी दुपारी आई न्यायला गेली, तेव्हा घुंडी फाटकातून आली ती शाळेची ढगळ चड्डी घालून. ओल्या कपड्यांची पिशवी बाईंच्या हातात होती.

"कागद वाचला होता ना मी?" बाई म्हणाल्या. "दोनदा विचारलं तिला, काय हवंय म्हणून. ओठ आवळून नुसती उभी. मग मुलं हसली. बोलता येतं ना हिला?"

आईने पिशवी घरी आणली आणि सासूबाईंच्या बेतायच्या टेबलावर, गिऱ्हाइकाच्या कोऱ्या कापडावर आपटली. "घ्या तुमचे पाहुणे."

"पाहुणे म्हणाली असती तर बाईंनी निदान विचारलं असतं, कोण पाहुणे. पोरीचं तोंड शिवलंस तू."

"मी? घुंडे, सांग आजीला. का नाही बोललीस?"

घुंडीने दोघींकडे पाहिलं. "कुठलं म्हणू? एक म्हटलं की आई रागावते. दुसरं म्हटलं की आजी."

मशीन थांबलं. आईला लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. पण ती लाज सासूने पाहिली, याचाच तिला जास्त संताप आला.

"आईचं नाव आधी घेतलं तिने," सासूबाई म्हणाल्या.

"फूटपट्टी कोण आपटत होतं?"

"आणि डोळे कोण वटारत होतं?"

मग माहेर निघालं, लग्नातला मानपान निघाला, काजांतले सुटलेले टाके निघाले. दोघींचे आवाज गल्लीत जाऊ लागले. टेबलाच्या कोपऱ्याशी घुंडी पायावर पाय दाबून उभी होती. ती एकदा आईकडे बघे, एकदा आजीकडे, आणि ओठ आणखी घट्ट मिटून घेई.