बियाण्याच्या सात वांग्यांचं भरीत

दोन हजार दहाच्या जानेवारीत वांग्याबद्दल मत नसलेला माणूस पुण्यात सापडणं कठीण होतं. ज्यांनी जन्मात वांगं झाडावर पाहिलं नव्हतं, त्यांची मतं तर फारच ठाम. बीटी वांग्यात मातीतल्या एका जिवाणूचा जनुक घातला होता. ते खाल्लं की अळी मरायची. त्याला परवानगी द्यायची की नाही, हे सरकार ठरवणार होतं. तोवर पुणेकरांनी परिसंवाद ठेवला. आपल्याला दुसरं येतं काय?

मी बियाणे तपासणीच्या खात्यातून निवृत्त होऊन नारायण पेठेत बसलो होतो. मला परिसंवादाला बोलावणारा दिग्विजय हिंजवडीतल्या संगणक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तीन वर्षं अमेरिकेत राहून आल्यावर त्याला शेतकरी दिसायला लागला होता.

"काका, एक ऑथेंटिक शेतकरी बाई हवी," तो म्हणाला. दिवाणखान्यात ठेवायला जुनी समई मागावी, तसं.

मी सोजरबाईंना गाठलं. खडकवासल्याच्या पलीकडून त्या मंडईबाहेर भाजी घेऊन येत. त्यांची पांढरट, काटेरी वांगी मी वीस वर्षं खात होतो. तो वाण त्यांच्या सासूकडून आलेला. दरवर्षी उत्तम फळं त्या झाडावरच पिवळी होऊ देत आणि कोणी तोडू नये म्हणून देठाला चिंधी बांधत. त्या वर्षी घरातलं जुनं बी भिजून बुरसटलं होतं, आणि वांग्याचं रान मोडून कांदाही लावून झाला होता. चिंधी बांधलेली सात फळं तेवढी उरली होती.

"सगळी आणा," मी म्हणालो. "मी स्वतः बी काढून वाळवून देतो. निम्मं तुम्हाला, निम्मं बियाणं जपणाऱ्या संस्थेच्या थंड पेटीत. पुन्हा बुडायची भीती नको."

"समदीच? एक घरी ठिवते की, साहेब."

"अहो, तीस वर्षं खात्यात काढलीत मी."

हे वाक्य मी आजवर फार ठिकाणी वापरलं आहे. पुढे कोणी बोलत नाही. त्यांनीही सगळी आणली.

परिसंवादाच्या दिवशी सातही वांगी टोपलीत घालून व्यासपीठावर ठेवली, पुढे 'देशी वाण' अशी पाटी. फोटो निघाले. मग बियाणे कंपनीचे डॉक्टर रंगराव जगाच्या भुकेवर बोलले आणि दिग्विजय बियाण्याच्या स्वातंत्र्यावर. दोघांनी मिळून दीड तास शेतकऱ्याची बाजू मांडली. शेतकरी बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना कोणी काही विचारलं नाही. शेवटी शाल आणि नारळ दिला. टोपली मधेच कधी उचलली गेली, ते माझ्या लक्षात आलं नाही. मी माझं भाषण घोकत होतो.

जेवण 'संपूर्ण देशी' होतं. भाकरी, ठेचा, भरीत. भरीत कडवट होतं आणि दाताखाली नुसतं बी येत होतं. फुकटच्या जेवणातही खोड काढल्याशिवाय मला घास उतरत नाही. मी आचाऱ्याला, मच्छिंद्रला, सगळ्यांदेखत हाक मारली.

"अहो, वांगी पारखून घेता की डोळे मिटून? निबर आहेत. सगळं बी दातात अडकतंय!"

"म्या सांगितलं होतं, साहेब," मच्छिंद्र म्हणाला. "वांगी कमी पडली, तर दिग्विजयसाहेबांनी ती स्टेजवरची टोपली धाडली. म्हणलं, बियाची हायेत, पिवळी पडल्यात, चिंध्या बांधल्यात. तर म्हणले, ऑरगॅनिकचा कलर असाच असतो."

दिग्विजय ताट घेऊन आला. "ओह, शिट! सॉरी, काका. पण ॲक्च्युअली लोकांना टेस्ट आवडलीय."

"म्हणूनच बियाणं आमच्याकडे असावं," रंगराव म्हणाले. त्यांनीही भरीत दोनदा घेतलं होतं.

मी दोघांनाही गाढव म्हणालो. पण तीस वर्षं बियाणं तपासलेल्या माणसाच्या ताटातलं भरीतही संपत आलं होतं.

सोजरबाई चुलीशी उभ्या होत्या. मच्छिंद्रने परत दिलेल्या सात चिंध्या त्यांनी झटकल्या, घडी घातली आणि कनवटीला लावल्या.

"एक घरी ठिवते म्हणले हुते," एवढंच त्या म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फेब्रुवारीत सरकारने बीटी वांगं थांबवलं. 'आपण जिंकलो' म्हणून दिग्विजयने पेढे पाठवले. मे महिन्यात सोजरबाईंनी मला मंडईबाहेर थांबवून विचारलं, "पाकिटातलं बी कुठलं घ्यावं, साहेब?" मी चिठ्ठीवर एका संकरित वाणाचं नाव लिहून दिलं. रंगरावांच्याच कंपनीचं. दुसरं चांगलं मला माहीत नव्हतं.

आता त्यांच्या टोपलीत जांभळी, गुळगुळीत, एकसारखी वांगी असतात. मी तीच घेतो. पहिल्यांदा घेतली तेव्हा त्यांनी वर दोन जास्त घातली.

"न्या, साहेब," त्या म्हणाल्या. "कवळी हायेत. तुमच्या दातात बी अडकायचं न्हाई."