परातीवरचा ठेका

डोळे मिटा आणि माझ्याबरोबर खोडदला चला. साल दोन हजार तीन. शेतापलीकडे दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या, इकडे घराच्या पुढच्या खोलीत बुटक्या टेबलावर टीव्ही, आणि टीव्हीसमोर तुमच्याच वयाची वृषाली. दिवाळीची सुट्टी आहे. दुपारचे तीन वाजलेत. दिसतंय सगळं? आता कान उघडे ठेवा, कारण या गोष्टीत ऐकण्याचं काम जास्त आहे.

वृषालीचा सुदर्शनकाका त्या तबकड्या फिरवणाऱ्या मोटारींची देखभाल करायचा. तिथल्या एका साहेबांनी त्याला सीडी दिली होती, परदेशातल्या एका जुन्या हेवी मेटल बँडच्या कार्यक्रमाची. वाजवणारे सगळे साठीकडे झुकलेले, अंगात काळी कातडी जाकिटं, पिकलेले केस खांद्याखाली. काकाने सीडी लावली, आवाज वाढवला, आणि तेवढ्यात विहिरीवरची मोटार चालवणारी थ्री फेज लाइट आली. ती कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नसे. कांद्याला पाणी द्यायचं होतं, म्हणून काका विहिरीवर पळाला. टीव्ही तसाच चालू राहिला.

वृषालीची आजी, प्रयागबाई, दाराशी बसून शेंगा निवडत होती. तिने मान वळवून पडद्याकडे बघितलं.

"एवढी म्हातारी झाली, तरी केस बांधा म्हणणारं ह्यांच्या घरी कोण न्हाई व्हय?"

वृषाली खुदकन हसली. मग ड्रम सुरू झाला. लाल उजेड, धूर, हजारो माणसांचे वर गेलेले हात. गिटार वाजवणाऱ्या म्हाताऱ्याने डोकं खाली घातलं आणि मान गरागरा फिरवायला सुरुवात केली. पांढरे केस चक्रासारखे फिरू लागले.

वृषालीचं हसू गेलं. हे तिने घरातच पाहिलं होतं.

नवरात्रात संबळ वाजू लागला की आजीच्या अंगात यायचं. तिचा अंबाडा सुटायचा आणि मान अशीच फिरायची. हे कशामुळे होतं, यावर मोठी माणसं अजून वाद घालतात. तो आपण त्यांच्याकडेच राहू देऊ. पण गेल्या वर्षी गोंधळ रंगात आला असताना संबळाचं कातडं फाटलं, आवाज एकदम तुटला, आणि आजी उभ्याउभ्या कोसळली. डोक्याला नऊ टाके पडले. पुन्हा डोक्यावर पडली तर वाचणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून यंदा घरात गोंधळ घातलाच नव्हता. एरवी गोंधळी ठेका हळूहळू उतरवत नेतो आणि त्याबरोबर अंगातलं वारं उतरतं, हे वृषालीने लहानपणापासून पाहिलं होतं.

आता आजीच्या हातातली शेंग खाली पडली. बोटं जमिनीवर ड्रमच्या तालात हलू लागली. अंबाडा सुटला.

"आजी," वृषालीने हाक मारली. "आजी, माझ्याकडं बघ ना."

आजी उठून उभी राहिली. डोळे पडद्याकडे होते, पण ती काही बघत नव्हती. तिच्या पाठीमागे दार होतं, आणि दारापुढे दगडाच्या तीन पायऱ्या.

वृषालीचा हात टीव्हीच्या बटणाशी गेला आणि तिथेच थांबला. बंद केला तर आवाज तुटेल. चालू ठेवला तर ती माणसं दमायचं नाव घेत नव्हती, उलट जोर वाढवत होती. शिवाय लाइट कुठल्याही क्षणी गेली असती. विहीर लांब होती, काकाला हाक ऐकू जाणार नव्हती.

तिने मांडणीवरून परात ओढली. आजी आणि दार यांच्या मधे ती मांडी घालून बसली आणि तळव्याने परात वाजवू लागली. पहिल्यांदा ताल सापडेना. गाणं फार वेगात होतं. मग तिने आजीच्या मानेकडे बघितलं. मान सगळ्या गोंगाटाबरोबर फिरत नव्हती. खालून येणारा मोठ्या ड्रमचा धप्प धप्प, तेवढाच ती धरून होती. वृषालीने तोच धरला. दोन्ही आवाज एक झाल्यावर ठेका न सोडता ती बसल्याबसल्या टीव्हीपाशी सरकली, तिने पाय लांब केला आणि अंगठ्याने टीव्हीचं बटण दाबलं.

खोलीत फक्त परात वाजत राहिली. आजीची मान थांबली नाही. आजी पडलीही नाही.

वृषालीने ठेका किंचित संथ केला. मान किंचित संथ झाली. बाहेर गाय हंबरली तशी वृषाली दचकली, हात भरभर पडला आणि मान पुन्हा जोरात फिरली. तिला रडू फुटलं. तरी दात आवळून तिने हात पुन्हा आवरला. एक थाप, मग जरा थांबून दुसरी. किती वेळ गेला ते तिला कधीच सांगता आलं नाही. शेवटी आजी भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली.

"पाणी दे गं," ती तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली.

वृषालीने डाव्या हाताने तांब्या पुढे सरकवला. आजीचं पाणी पिऊन होईपर्यंत तिचा उजवा हात परातीवर चालूच होता, अगदी हलका.