न फोडलेला डबा

धाकट्याच्या लेकीचं लग्न ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. वडिलांची जुनी गाडी तेरा वर्षं पत्र्याच्या छपराखाली पडून होती. लेकीला त्याच गाडीतून न्यायचं, असं धाकट्याने डोक्यात घेतलं.

धाकटा मेकॅनिक. थोरल्याचं जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. वडिलांनी कधीकाळी बंद पडलेल्या एजन्सीतला सगळा माल उचलला होता, त्यावर थोरल्याचं घर चालायचं. गिऱ्हाईक आलं की तो फळीवरचा डबा दोन्ही हातांनी उतरवी.

"असली, न वापरलेला," म्हणे. "म्हणजे काय ते नीट ऐका. गाडीच्याच कंपनीने, त्याच काळात बनवलेला, आणि कुठल्याही गाडीला न लागलेला. बस. चांगला आहे, असं मी म्हटलेलं नाही."

गिऱ्हाईक हसे. डबा मात्र तो कुणाला फोडू देत नसे. फोडला की त्याचं मोल गेलं. आणि वस्तू रबरी असली तर न चुकता बजावी, "ही कपाटात मांडून ठेवा, गाडीला लावू नका. रबर बसल्या जागी म्हातारं होतं."

परक्यांना हे त्याने शेकडो वेळा सांगितलं होतं.

"दादा, पुढच्या चाकाच्या ब्रेकची रबरी नळी हवी. बाजारातली नकली नको बाबा."

"दोनच उरल्यात, आबांनी ठेवलेल्या. ने एक."

"किती द्यायचे?"

"पोरीच्या काकाला भाव विचारतोस? नीघ, नाहीतर वहिनीला हाक मारतो!"

धाकटा हसत डबा घेऊन गेला. एवढा मुरलेला मेकॅनिक, त्याला रबराचं काय शिकवायचं, असं थोरल्याला वाटलं. दादाने दिलीय म्हणजे पारखूनच दिली असणार, असं धाकट्याला वाटलं. डब्यातली नळी काळीकुळकुळीत होती, कारखान्यातली पांढरी पावडरसुद्धा अंगावर तशीच.

गाडी तयार झाली. धाकटा एकटाच चालवून बघायला निघाला. उतारावर नळी फुटली, ब्रेकचं सगळं तेल गेलं, ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला. खाली वळणावर दगडी भिंत होती.

आठवड्याने थोरल्याने दुकान उघडलं आणि उरलेला डबा स्वतःच्या हाताने फोडला. नळी वाकवून पाहिली. बाहेर एक चीर नाही. मग सुरीने उभी कापली, तर आतलं रबर चहाच्या भुकटीसारखं तळहातावर गळलं.

बायको दारात उभी होती. "आता कापून काय बघताय?"

तेवढ्यात फोन वाजला. कुणाला तरी ब्रेकची नळी हवी होती, असली, न वापरलेली.

"होती," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

धाकटा त्या वळणावरच गेला, बुधवारी सकाळी सव्वादहाला. लेकीच्या लग्नाला नऊ दिवस उरले होते.