खंडू आचाऱ्याची बिडीबंदी

खंडू आचारी बिडी सोडणार ही बातमी फुटली, तेव्हा निम्म्या अवसरी बुद्रुकानं हसून घेतलं आणि उरलेल्या निम्म्यानं विचारलं, "ह्या खेपंला किती दिवस?"

गावाचं तरी काय चुकलं म्हणा! खंडूनं आजवर सात वेळा बिडी सोडली होती. एकदा तर सकाळी सोडली आणि दुपारी मढ गावच्या लग्नात भट्टी पेटवताना "आता काडी पेटलीच हाय तर" म्हणून परत धरली. रविवारी विहारात पंचशील घेताना पाचवं शील तो सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणायचा, कारण त्याच्या मते त्यात दारूचं नाव होतं, बिडीचं नव्हतं. पळवाट काढण्यात खंडूचा हात धरणारा माणूस अख्ख्या आंबेगाव तालुक्यात सापडला नसता.

पण या खेपेची गोष्ट निराळी होती. घरच्या काट्यावर खंडूचं वजन मावेना, म्हणून मंचरला कांद्याच्या काट्यावर केलं. भरलं एकशे अडतीस किलो. तिथला हमाल म्हणाला, "पावणेतीन गोण्या झाल्या, राव. निवडलेला माल हाय का सरसकट?"

आचाऱ्याचं पोट चाखून चाखूनच वाढतं, त्याचं कुणाला काही वाटलं नसतं. पण झोपेत खंडूचा श्वास अडकायला लागला. घोरता घोरता मध्येच सगळं गप्प. म्हणून त्याची बायको जानकाबाई उशाशी लाटणं घेऊन बसायची. घोरणं थांबलं की बरगडीत लाटण्याची ढोसणी, की श्वास पुन्हा सुरू. दोन वर्षं हेच चाललं होतं. दोन वर्षं त्या बाईला सलग झोप नव्हती. भाकरी थापता थापता तिचा डोळा लागायचा आणि तव्यावरच्या भाकरीचा कोळसा व्हायचा. खंडूला मरणाचं भय वाटत नव्हतं... बरं, खोटं कशाला बोला, थोडं वाटत होतं. पण बायकोचे खोल गेलेले डोळे बघून त्याचा जीव जास्त तुटायचा. ह्या बाईला एकदा पोटभर झोप मिळू दे, एवढंच त्याला हवं होतं.

मंचरला दर शनिवारी पुण्याच्या डॉक्टरीणबाई यायच्या. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, "पोट लहान करायचं ऑपरेशन करू. वजन उतरलं की श्वासही सुधारेल. पण आधी सहा आठवडे तंबाखू पूर्ण बंद. नाहीतर टाके नीट भरत नाहीत, भूल दिल्यावर छातीला धोका. मी लघवी तपासणार. त्यात काही सापडलं तर तारीख रद्द. तंबाखू खाता का?"

"छ्या!" खंडू म्हणाला. "तंबाकूला आपण शिवत बी न्हाई. फकस्त बिडी."

"मग बिडी बंद."

"बंद," जानकाबाई म्हणाली. खंडूचं तोंड अजून उघडायचं होतं.

आणि मग काय विचारता! बाईनं गावभर नाकाबंदी केली. एसटी स्टँडजवळ निजामची टपरी होती. तिथं खंडूचा हातात झारा घेतलेला फोटो टांगला आणि खाली लिहून घेतलं, 'यांना बिडी देऊ नये.' निजामनं आपल्या हौसेनं फोटोभोवती रंगीत दिव्यांची माळ सोडली. व्हायचं तेच झालं. अवसरी खुर्दचा एक पाहुणा मोटरसायकलवरून जाताना माळेतला फोटो बघून थेट घरी आला, दारातच उपरणं डोळ्यांना लावून म्हणाला, "लई वंगाळ झालं. माणूस सोन्यासारखा व्हता."

"मी हाये की अजून," आतून खंडू म्हणाला. "च्या घेणार का?"

पाहुण्यानं चहा घेतला, पण कप खाली ठेवेपर्यंत तो खंडूची पावलं उलटी आहेत का ते बघत होता.

खंडूनं मात्र खरंच शब्द पाळला. हाताला चाळा हवा म्हणून तो दोन बोटांत गवारीची शेंग धरायचा. लग्नात कढईसमोर उभा राहून शेंगेचा झुरका घ्यायचा, टिचकीनं नसलेली राख झटकायचा. सगळे वाढपी हसून लोळायचे. खंडू चिडायचा, रडकुंडीला यायचा, शेंग चावून खायचा आणि दुसरी घ्यायचा. दात तेवढे तो दिवसातून चार चारदा घासायला लागला. तेवढाच तोंडाला विरंगुळा. बेचाळीस दिवस! गाव हसायचं थांबलं. निजाम तर म्हणाला, "खंडूभाऊ, तुमच्यापायी माझा धंदा बसला, पण मानलं तुमाला."

त्रेचाळिसाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर ठेवला. "खंडूभाऊ, तंबाखू सापडलाय. चांगला भरपूर सापडलाय. ऑपरेशन पुढं ढकलावं लागेल."

खंडूला आपण खुर्चीसकट खाली चाललोय असं वाटलं. "मॅडम, एक झुरका घेतला असंल तर जीभ झडंल माझी!"

डॉक्टरीणबाईंनी कागदावर सहा आठवड्यांनंतरची तारीख लिहिली. रोज दहा माणसं त्यांना असंच सांगत असणार. खंडूला खरं दुःख झालं ते शेजारी बघून. जानकाबाई रडत होती. घरात मयत झालं तरी ही बाई पदर खोचून कामाला लागायची, आणि आज दवाखान्यात सगळ्यांसमोर रडत होती.

"मी रातरात जागते," ती म्हणाली, "आन् तुमी मला फसवता?"

परत येताना एसटीत ती वेगळ्या सीटवर बसली. उतरली ती तडक टपरीवर. "निजाम, खरं सांग!"

"वहिनी, पोरांची शपथ घेतो," निजाम कान धरून म्हणाला. "एक काडीपेटी बी दिली असंल तर ही टपरी तुमच्या नावावर करतो."

बाईनं खंडूचे सगळे सदरे हुंगले, गाद्या उलट्या केल्या, धान्याच्या कणगीत हात घातला. बिडी कुठंच सापडेना. त्याचा तिला आणखीच राग आला. घरात अबोला सुरू झाला. आयुष्यभर खंडूनं ढीगभर थापा मारल्या होत्या आणि त्या सगळ्या पचल्या होत्या. एकदा खरं बोलला, तर काळं कुत्रं विश्वास ठेवीना. वाईट वाटणार नाही तर काय होणार?

त्यांची लेक प्रतीक्षा इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होती. अबोल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी ती ब्रश घेऊन ओट्यावर आली. ओट्याच्या एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला अप्पा. दोघांची पाठ एकमेकांकडं. दोघांचीही बोटं तोंडात. आईनं चिमूट घेतली आणि न बघता डबी मागं सरकवली. अप्पांनी न बघता उचलली, बोटभर पूड घेतली, दात घासले, डबी परत सरकवली. तीस वर्षांची सवय ती, अबोल्यानं थोडीच मोडतीय! मध्येच आई पचकन थुंकून भिंतीला म्हणाली, "काही माणसं लई खोटारडी असत्यात," आणि पुन्हा बोट तोंडात घातलं.

प्रतीक्षाच्या हातातला ब्रश तसाच राहिला.

"आई, ह्या डबीत काय असतं?"

"काय असतं म्हंजे? मशेरी. दात घासायची."

"ती कशाची करतेस?"

"कशाची करत्यात? दर बुधवारी तव्यावर भाजते की. तू शिंकून शिंकून जीव देतीस तवा."

"काय भाजतेस पण?"

"तंबा..." जानकाबाई म्हणाली. आणि तिचं बोट तोंडातच थांबलं.

खंडू सावकाश वळला. बायकोकडं बघितलं, डबीकडं बघितलं.

"म्हंजे," तो म्हणाला, "मला तंबाकू कोण देत व्हतं?"

"मीच की वं," जानकाबाई म्हणाली आणि मटकन खाली बसली. "तुमची तलफ बघवंना म्हणून मीच म्हणत व्हते, घासा आणखी एकदा. अगं बाई, आन् मी त्या निजामला कान धरायला लावलं!"

खंडूनं रागवावं, अशी ती आयुष्यात एकदाच चालून आलेली संधी होती. पण त्याला हसू फुटलं. एकशे अडतीस किलोंचं हसू ते, ओटा हलला. मग जानकाबाई हसली, मग रडली, मग उठून तिनं डबी उकिरड्यावर फेकली. तासाभरानं ती उकिरड्याकडं जाताना दिसली, तेव्हा खंडूनं तिला गवारीची शेंग दिली.

पुढचे सहा आठवडे खंडूला सोपे गेले. सराव होता. हाल झाले ते जानकाबाईचे. ती भांड्यांवर ओरडली, शेळीवर ओरडली. चुलीसमोर नवरा-बायको एकेक शेंग धरून बसायचे आणि आळीपाळीनं झुरके घ्यायचे. "वेगळ्या घरात ऱ्हावा म्हटलं तरी तुमी दोघं व्यसन एकाच डबीतलं करणार," प्रतीक्षा म्हणायची. निजामनं टपरीवर जानकाबाईचाही फोटो टांगला. या वेळी माळ सोडली नाही.

तपासणीच्या दिवशी खंडूनं बाटली दिली. मागोमाग जानकाबाईनंही एक भरलेली बाटली टेबलावर ठेवली.

"अहो, तुमचं ऑपरेशन नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"म्हणून काय झालं? मी बी सोडलीय. मला बी कागद पायजे."

दोघांच्याही कागदावर काही सापडलं नाही. जानकाबाईनं आपला कागद काचेच्या फ्रेममध्ये बसवला.

ऑपरेशन पुण्याला झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात असं घोरणं सुरू झालं, की पलीकडचा पेशंट सलाइनसकट उठून बसला. सिस्टर धावत खंडूच्या खाटेपाशी आली. खंडू टक्क जागा होता. पोटाला टाके, पाठीला उशी, हातात लाटणं. खाली सतरंजीवर जानकाबाई आडवी होती आणि छत हलवत होती.

"त्यांना जरा उठवते हं, काका," सिस्टर म्हणाली. "बाकीच्यांना त्रास होतोय."

खंडूनं लाटणं आडवं धरलं.

"हात लावू नका, ताई," तो हळू आवाजात म्हणाला. "दोन वर्सांची झोप हाय ती. मी बसलोय जागा. श्वास थांबला तर बघतो मी."

सिस्टरनं खिडकीचा पडदा ओढला आणि ती पलीकडच्या पेशंटच्या कानात घालायला कापूस आणायला गेली.